किल्लेदाराचं वाक्य

बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण कुळगावच्या उत्सवातलं नाटक त्यांनी सोडलं नाही. नाटक दरवर्षी तेच जुनं, आणि किल्लेदार बाबाच. किल्ल्याला वेढा पडलेला असतो. शत्रूकडच्या माणसाशी लग्न केलेली मुलगी दाराशी येऊन आसरा मागते. किल्लेदार वरून म्हणतो, "मला मुलगी नव्हती." ती बाहेरच मरते. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी असायचे.

असल्या माणसाची कसली कीव करायची, असं मी बाबांना प्रत्येक तालमीत विचारायचे. रोख त्यांना बरोबर कळायचा. ताईने उल्हासनगरच्या सिंधी मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून नऊ वर्षं तिला आमचं घर बंद होतं. "दार उघडलं असतं तर किल्ला गेला असता," ते म्हणायचे. "गेला तर गेला, दगडच ना?" मी म्हणायचे. मग दोन दिवस अबोला.

गेल्या वर्षी ताई नाटकाला आली. मला न सांगता, शाळेच्या हॉलमध्ये थेट दुसऱ्या रांगेत. विंगेतून मला प्रेक्षक दिसत नव्हते. शेवटच्या अंकात मुलीचं काम करणारी विनवण्या करून थांबली आणि बाबा गप्पच. वय झालं, विसरले, असं मला वाटलं. आमच्या मंडळात नट अडखळला की प्रॉम्प्टरने क्षणभरही थांबायचं नसतं. मी वाक्य दिलं. ते हलले नाहीत. पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, "मला मुलगी नव्हती."

टाळ्या पडल्या. तोंडावरचा रंग पुसताना ते म्हणाले, "ती आली होती गं. उठून गेली." मी म्हटलं, फोन करा. "आता कुठल्या तोंडाने?" म्हणाले. दिवाळीच्या आधी ते गेले. मला अजून सवय झालेली नाही.

तेराव्याला ताई आली. रडली नाही.

"ते विसरले नव्हते यार. किती वेळ माझ्याकडेच बघत होते. सोच के बोलले," ती म्हणाली. "मला कशी दया येणार त्यांची?"

ते वाक्य बोलवत नव्हतं म्हणून ते थांबले होते, आणि मी दोनदा ते त्यांच्या तोंडात घातलं, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. आणि चहा टाकू का, असं विचारलं.