मुशीचं कालवण आणि टाचेतला थेंब

जिला मारलं तिला नाव नाही, कारण बारशापर्यंत ती पोचलीच नाही. ती माझ्या थोरल्या बहिणीची पहिली मुलगी. तिला मारलं ते पाचवीच्या दिवशी, सकाळी, उरणमधल्या एका डॉक्टरच्या टेबलासमोर. जीव नंतर गेला. मी मात्र तोच दिवस धरते.

त्या सकाळी ती हळदीसारखी पिवळी दिसत होती. पाजलं की ओकायची. डॉक्टरने खुर्चीतून न उठता सांगितलं, "कावीळ सगळ्यांनाच होते. कोवळं ऊन दाखवा, पाजत राहा. आईला नीट पाजता येत नाही, एवढंच."

एवढंच! घरी पाचवीच्या पूजेची तयारी टाकून ताईची सासू करंजाच्या बंदरावर धावली आणि मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, घेऊन आली. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी घालतात.

"खा गो, वरप ते कालवण. तू खाल्लंस त पोरीचं पोट भरंल."

ताईने रडत रडत खाल्लं. दूध भरपूर आलं. पोरगी ते प्याली आणि आणखी खंगली. तेव्हा शेजारीण दारातूनच बोलली, "आईचंच दूध नासकं आसंल." ताईने ते ऐकलं.

नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात खरं काय ते कळलं, पण फार उशिरा. दुधातली साखर पचवणंच तिच्या शरीराला जन्मतः जमत नव्हतं. दूध चांगलं होतं. फक्त तिच्यासाठी ते विष होतं. दोन दिवसांची असताना टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले असते, तपासायला पाठवले असते, तर पाचवीच्या सकाळी निदान शंका तरी आली असती. दूध थांबवून सोयाची पावडर सुरू केली असती. बस.

मी त्या डॉक्टरकडे गेले. बाहेर पेशंट बसले होते. मी दार मुद्दाम उघडं ठेवलं.

"ही टेस्ट तुमच्याकडे होते?"

"सॅम्पल बाहेर पाठवतो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्हा गाववाल्यांना टेस्ट सांगितली की म्हणता, डॉक्टर लुटतो."

"पोर्टवरच्या साहेबांच्या बायकांना सांगता?"

"त्या स्वतः विचारतात."

बाहेरच्या बाकावरून एक म्हातारी कडाडली, "मंजे जो इचारंल त्याचंच पोर वाचंल, व्हय रं डाक्टर?"

मला त्याची माफी नको. 'त्या स्वतः विचारतात' हे त्याचं वाक्य मला त्याच्याच घशात कोंबायचंय. 'बाळाच्या टाचेच्या रक्ताची टेस्ट स्वतः विचारा' अशी मी पत्रकं छापली. हळदीच्या मांडवात वाटली, ओटीभरणाला वाटली, मिठागरावर जाऊन वाचून दाखवली. आता त्याच्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक बाई विचारते. परवा तो नर्सवर खेकसला म्हणे, "यांना हे शिकवतंय कोण?"

मी. आणि थांबणार नाही.

ताईला पुन्हा दिवस गेलेत. हा आजार पाठच्या भावंडालाही होऊ शकतो. ती मुशीला हात लावत नाही. परवा तिने विचारलं, "या वेळी येळंवर कळंल ना गो?"

कळायलाच हवं. म्हणून तुम्हीही उठा. घरात कुणी पोटुशी असेल तर तिच्या डॉक्टरसमोर उभे राहा आणि विचारा, बाळाच्या टाचेचं रक्त कधी घेणार? उत्तर मिळाल्याशिवाय तिथून हलू नका.

आणि उरणचे असाल, तर जरा मोठ्याने विचारा.