एका प्रश्नाला मूठभर शेंगा

आमच्या प्रोमिथिअस सरांना फुकट प्रश्न विचारायची सोय नव्हती. एका प्रश्नाला मूठभर भुईमुगाच्या शेंगा, नाहीतर चार बोरं, अगदीच काही नसेल तर डब्यातली अर्धी पोळी. सोनाळ्याच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि तास संपेपर्यंत त्यांच्या टेबलावर छोटा आठवडी बाजार भरलेला असे. मधल्या सुट्टीत ते सगळं आम्हालाच वाटून टाकायचे. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "त्यानं देवाघरचा विस्तव चोरून मानसाले आनून देल्ला, तं त्याचं यकृत रोज खाल्लं गेलं. तुह्या चार शेंगा गेल्या तं काय झालं बे?"

हा 'तो' म्हणजे प्रोमिथिअस; त्याच्यावरूनच आम्ही सरांना ते नाव ठेवलं होतं. कॉलेजात असताना सरांच्या हाती ग्रीक देवांच्या गोष्टींचं एक फाटकं पुस्तक लागलं होतं, आणि ती मंडळी तेव्हापासून सरांच्या डोक्यात बिऱ्हाड करून होती. ज्वलनाचा धडा आला की प्रोमिथिअस, उष्णतेचा आला की मेणाचे पंख लावून सूर्याकडे निघालेला आणि मेण वितळून खाली पडलेला इकॅरस. ग्रीस कुठे असतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. सर खिडकीतून सातपुड्याकडे बोट दाखवायचे, "त्या डोंगरावर देव राह्यते अन् खाली आपन," आणि आम्हाला ते लगेच पटायचं. इकॅरस आमच्या गावाजवळच्या धरणातच पडला असणार, याविषयी वर्गात दुमत नव्हतं.

एका वर्षी त्यांनी स्नेहसंमेलनात प्रोमिथिअसचं नाटक बसवलं. वर्गातला सर्वांत उंच मुलगा खांबाला बांधला, यकृत म्हणून त्याच्या पोटावर भरताचं वांगं लावलं, आणि ते टोचून खाणारा गरुड म्हणजे मी. पुठ्ठ्याची चोच लावून मी झेप घेतली, तर समोर बसलेल्या एक माळकरी आजी उभ्या राहिल्या. "सर, गरुड विष्णूचं वाहन हाय. तो काऊन कोनाचं काळीज खाईन?" अख्खा मांडव आजींच्या बाजूनं झाला. सरांनी मंचावरच क्षणभर विचार केला. "बरोबर हाय आजी. घार करतो." अशी माझी जागच्या जागी बदली झाली. पुढे तर कहरच. लोकांसाठी एवढं सोसलं म्हणून दोघी बायका वर आल्या, त्यांनी प्रोमिथिअसला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि सरांना विचारलं, याची तिथी कोणती. "माय, याची तिथी रोजच असते," सर म्हणाले. बांधलेला देव तोवर खोबरं खात होता. मला हसू आवरेना, चोच गळून पडली आणि पडदा टाकावा लागला.

मला भौतिकशास्त्राचं वेड लागलं ते याच माणसामुळे. बारावीनंतर मला पुण्याला जायचं होतं आणि बाबा नाही म्हणत होते. मी एकुलती एक. आत्यानं सांगून पाहिलं, मामानं सांगून पाहिलं, "शिकून वापसच येईन ते, इथंच मास्तरीन होईन." मी तर देवावर हात ठेवून तशी शपथ घेतली. बाबा ढिम्म. शेवटचा उपाय म्हणून मी सरांना घरी बोलावलं.

बाबांनी चहा दिला आणि एकच विचारलं, "सर, पोरगी शिकून वापस येईन का?"

मी दाराआडून डोळे मोठे करून सरांना खुणावत होते, हो म्हणा, नुसतं हो म्हणा. सरांनी कप खाली ठेवला.

"नाही येनार, भाऊ. येईन, पन पाहुन्यासारखी. शिक्षनाची किंमत असते, अन् ह्या वेळी ते तुमाले द्या लागन."

मला तो चहा त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला. दोन दिवस मी उशीत तोंड खुपसून रडले. तिसऱ्या दिवशी बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि नांदुऱ्याच्या स्टेशनापर्यंत येऊन मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. माझ्या रडण्यानं काम केलं, असं मी कित्येक वर्षं समजत होते. सरांशी तर वर्षभर बोललेही नाही, इतकी मी मूर्ख.

सर गेले ते मागच्या वर्षी. मी जर्मनीत होते, बाबांनी फोनवर सांगितलं. मी खूप रडले, आणि रडता रडता पहिल्यांदाच विचारलं की बाबा, तेव्हा तुम्ही मला का जाऊ दिलंत?

"सारे म्हनत होते, येईन, येईन," बाबा म्हणाले. "सारे खोटं बोलून राह्यले होते, तू बी. तो एकटा खरं बोलला. म्हटलं, शिकून मानूस असा होत असन तं जाऊ दे पोरीले."

मग त्यांनी इकडे थंडी किती आहे ते विचारलं, जेवलीस का ते विचारलं. कधी येतेस, हे बाबांनी मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.