मिठागरातल्या बाईची प्रिंट

व्हिनेगरची बाटली उघडली की मला मुलुंडच्या आमच्या कॅमेरा क्लबची डार्करूम आठवते. ऐंशीच्या दशकात एका शाळेच्या प्रयोगशाळेला काळे पडदे लावून ती केली होती आणि रसायनांचा आंबट वास तिच्या भिंतींत मुरला होता. क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा नियम होता की प्रिंट स्पर्धकाने स्वतः डार्करूममध्ये काढलेली हवी. मी मिठागरात भर उन्हात पाटी उचलणाऱ्या बाईचा फोटो दिला होता. तो बघून एक ज्येष्ठ सभासद परीक्षकांना म्हणाले, "ही यांच्या मिस्टरांनी काढलेली असणार. बाद करा." माझ्या नवऱ्याला कॅमेऱ्यात रोलसुद्धा घालता येत नव्हता. मी म्हटलं, "निगेटिव्ह पर्समध्ये आहे, आत्ता प्रिंट काढून दाखवते. पण नियम सगळ्यांना आहे ना? मग माझ्यानंतर तुम्हीपण तुमची काढायची." परीक्षक म्हणाले, "बरोबर बोलतायत त्या." लाल दिव्याखाली सगळे दाटीवाटीने उभे राहिले. चेहरा काळा पडू नये म्हणून मी एन्लार्जरच्या उजेडात त्यावर क्षणभर हाताची सावली धरली आणि कागद रसायनाच्या ट्रेमध्ये सोडला. आधी बाईचं गडद लुगडं उमटलं, मग चेहरा, आणि अगदी शेवटी मिठाचा दाणा न् दाणा. बाहेर आलो तेव्हा ते सभासद फलकावरून स्वतःची प्रिंट उतरवत होते. "माझी स्टुडिओतून करून आणलीय," ते हळूच म्हणाले. मला त्या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं. आता मीच परीक्षक म्हणून जाते. शंका आली तर स्पर्धकालाच विचारते. बाई असली तर तिच्या घरी कोण कोण आहे, ते विचारत नाही.