पनवेलचा दूधभात

भोरच्या स्टँडवर एसटीत चढेपर्यंत मला बास्केटबॉलमधलं एवढंच ठाऊक होतं, की चेंडू वरून टाकायचा आणि तो खालून पडतो. तरीही मी संघाची मॅनेजर होते. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई हवी, आणि ऐन वेळी रिकामी सापडलेली बाई मी. माझी भाची ऋतुजा संघाची कॅप्टन, त्यामुळे सगळा संघ मला आत्या म्हणतो. दहा भाच्या, कोच म्हणून एक जगताप सर आणि लाडवांचा एक डबा असे आम्ही निघालो.

आमच्या शाळेचा संघ नवाकोरा. मैदानावर रिंग एकच, तीही जरा डावीकडे कललेली. त्यामुळे आमच्या पोरींना नेम जरा डावीकडे धरायची सवय. बाहेरचा हा पहिलाच सामना, म्हणून कुणी जिंकण्याच्या गोष्टी करत नव्हतं. पण ऋतुजा आमच्या अख्ख्या आळीला सांगून आली होती, की एक बास्केट तरी टाकूनच येईन. आळीला सांगणं म्हणजे काय, हे आळीत राहणाऱ्यालाच कळेल.

स्वारगेटला गाडी बदलली. घाटात दोघी ओकल्या. लाडवांचा डबा खंडाळ्याच्या आधीच संपला, कुणी संपवला ते अजून उघड झालेलं नाही. पनवेलला उतरलो आणि अंगाला असा काही घाम फुटला की वाटलं, कुणी ओला टॉवेलच गुंडाळला. उन्हाचं म्हणाल तर आमच्याकडेही असतं, पण ते कोरडं, सरळ स्वभावाचं. हे चिकट.

यजमान शाळेने दोन वर्ग झाडून दिले होते. संध्याकाळी मुलींना घेऊन बाजारातून वडाळे तळ्यापर्यंत चक्कर मारली. वाटेत सुक्या मासळीच्या टोपल्या लागल्या, तशी आमची निम्मी पलटण नाकाला रुमाल लावून पळाली. मी मात्र थांबले आणि एक वाटा जवला (सुकवलेली अगदी बारीक कोळंबी) घेतला. विकणारी बाई म्हणाली, "करंजा बंदराचा हाय, वाळू नाय यात." घरी येऊन बघितलं, खरंच नव्हती.

रात्रीचं जेवण त्यांच्या कोच नाझनीन मिस यांच्याकडे होतं. आमच्याकडे सर असतात, तिथे मिस. त्यांच्या अम्मीने तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, बटाट्याचा रस्सा आणि शेवटी सांदण (तांदळाची वाफवलेली गोड इडली) असा बेत केला होता. आम्ही इंद्रायणी पिकवणारी माणसं, दुसऱ्या कुणाच्या तांदळाला सहसा नावाजत नाही. पण ते सांदण मी तीनदा मागून घेतलं. अम्मी म्हणाल्या, "खाओ बेटा, उद्या मुलींना पळायचंय." पळायचं मुलींना होतं, तरी मी खाल्लं.

सकाळी सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझ्यासारखीलाही कळलं, की हे काही खरं नाही. पनवेलच्या मुली वाऱ्यासारख्या. त्यातली सात नंबरची उंच मुलगी तर आमच्या पोरींच्या हातातून चेंडू असा काढून घ्यायची, की यांना तो गेल्याचं नंतर समजायचं. मध्यंतराला फलक म्हणत होता, अडतीस–शून्य. ऋतुजाने सहा वेळा नेम धरला आणि साही वेळा सवयीने जरा डावीकडेच मारला. इथली रिंग अगदी सरळ होती, दोष तिचा नव्हता.

जगताप सर एकीचा मुरगळलेला पाय बांधत बसले होते. तेवढ्यात नाझनीन मिस माझ्याकडे आल्या. चेहरा पडलेला. जिंकणाऱ्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच बघितला. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुलींना दूधभात चालेल ना?"

मला वाटलं, दुपारच्या जेवणाचं विचारतायत. उन्हातान्हात पोटाला हलकं बरं, किती विचार करतात ही माणसं! मी म्हटलं, "चालेल की. आवडतो त्यांना. सोबत लोणचं असलं तर उत्तमच."

मिस खळखळून हसल्या. म्हणाल्या, तुमच्यासारखं खेळकर मन सगळ्यांचं असायला हवं. लोणच्यात एवढं काय खेळकर, ते मला समजलं नाही.

दुसरा डाव सुरू झाला आणि जादू झाल्यासारखं झालं. पनवेलच्या मुली बाजूला सरकायला लागल्या. आमच्या पोरींना वाट मोकळी. चेंडू सुटला तर त्याच उचलून परत देत होत्या, आणि देताना फिदीफिदी हसत होत्या. माझ्या शेजारी सात नंबरची आजी बसली होती, नऊवारी नेसलेली, पानाचा डबा मांडीवर. मी तिला आनंदाने म्हटलं, बघा, आमच्या मुलींना सूर सापडला. आजी पान लावता लावता म्हणाली, "सूर कसला बाय. तुमच्या पोरींना दूधभात घेतलाय. खेळायचा, पन धरायचा नाय, त्याला आमी दूधभात बोलतो."

आमच्याकडे याला लिंबूटिंबू म्हणतात. म्हणजे मघाशी मी आमच्या अख्ख्या संघाला लिंबूटिंबू करायला परवानगी दिली होती. वर लोणचं मागितलं होतं.

तिकडे ऋतुजा रिंगखाली पोचली होती. हातात चेंडू, समोर कुणी नाही. सात नंबर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "टाक ना." ऋतुजाने टाकला नाही. ती तशीच उभी राहिली. रिंगखाली असं उभं राहायची बंदी असते म्हणे, पंचांनी शिट्टी मारली आणि चेंडू पनवेलला गेला. ऋतुजाने सात नंबरला विचारलं, तुम्ही आम्हाला अडवत का नाही? ती बिचारी गोंधळली. बोट माझ्याकडे करून म्हणाली, "तुमच्या मॅडमच बोलल्या चालेल. त्यांना लोणचं पण पाहिजे होतं."

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. जमीन दुभंगावी असं पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी मनापासून वाटलं.

ऋतुजा म्हणाली, "आत्याला खेळातलं काही कळत नाही. तुम्ही नीट खेळा."

मग दोन्ही कोचांची मैदानाच्या कडेला बोलणी झाली. मिस म्हणत होत्या, लहान पोरींवर शंभर चढवण्यात कसलं शौर्य? त्यांचंही चूक नव्हतं. जगताप सर म्हणाले, "दमलेल्या मुली बसवा, बदली उतरवा, काही हरकत नाही. पण जी मैदानात आहे तिने हात वर ठेवावा. आणि हसू नये." मिसनी मान डोलावली आणि जाऊन आपल्या मुलींना तेच सांगितलं. सात नंबर बसायला तयार नव्हती. ती आता ऋतुजाच्या समोरच उभी राहिली.

आणि मग आम्ही पुन्हा रीतसर मार खाल्ला. ऋतुजाचा चेंडू अडला, हिसकावला गेला, एकदा तर तिच्याच नाकावर आपटला. आजी पान खायची विसरली. शेवटची मिनिटं चालली होती, तेव्हा ऋतुजाने उजवीकडे जाण्याची हूल दिली, डावीकडून शिरली आणि सात नंबरच्या उगारलेल्या हातावरून चेंडू टाकला. तो फळीला लागला, कडेवर जरा रेंगाळला आणि पडला. बरोबर आत.

मी खुर्चीवर उभी राहून ओरडले. पण ऋतुजा रिंगकडे बघतच नव्हती, ती सात नंबरकडे बघत होती. सात नंबरने पाय आपटला होता आणि ती स्वतःवरच जाम चिडली होती. तो चिडलेला चेहरा बघून माझी भाची जी हसली, तशी ती दिवाळीलाही हसत नाही.

एकाहत्तर–दोन. दुपारी जेवायला मिसनी खरोखरीचा दूधभात ठेवला, वाटीत लोणचंही. सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसल्या. मी लोणच्याची वाटी पुढे ओढली.

परतीच्या एसटीत मात्र ऋतुजा सारखी विचारत होती, आत्या, तिने मुद्दाम नाही ना सोडलं? मी म्हणाले, तिचा हात वर होता. घाट चढला तरी तिचं समाधान होईना. दया दाखवली की हे असं होतं, पुढची खरी गोष्टही माणसाला तपासून घ्यावीशी वाटते. शेवटी मागच्या बाकावरची तिची मैत्रीण वैतागून म्हणाली, अगं, निघताना सात नंबर काय म्हणाली ते विसरलीस का? तशी ऋतुजा खिडकीला डोकं टेकून झोपली.

दिवेलागणीला आळीत शिरलो. पहिल्याच ओट्यावरून प्रश्न आला, काय गं, हरलात ना?

"हरलो," ऋतुजा म्हणाली. "पण त्यांची सात नंबर म्हणाली, पुढच्या वेळी तुला डावीकडून जाऊ देणार नाय."