पाहुण्यांसमोर दाबलेला ढेकर

कारखान्यात त्याला भोंगा म्हणत. लेथवर लोखंड कातण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण नाव पडलं ते ढेकरामुळे. दुपारी डबा संपला की गडी असा ढेकर द्यायचा की पलीकडच्या खोलीतले वेल्डर हात धुवायला उठायचे. घरी तर ती बायकोच्या स्वयंपाकाची पोचपावतीच होती. 'छान झालंय' हे शब्द तीस वर्षांत त्याच्या तोंडून निघाले नव्हते. निघायची गरजच काय?

आणि आता मुलगी सांगत होती, रविवारी तेवढं करू नका.

मुलीनं पसंत केलेला मुलगा दुसऱ्या देशातला. रविवारी दुपारी तो आईला घेऊन जेवायला येणार होता. आई बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स, शिस्तीची, मोजकं बोलणारी. त्यांच्याकडे जेवताना ढेकर देणं फार वाईट. एका पाहुण्यानं दिला होता, तर त्याला त्या घरी पुन्हा कधी बोलावलं नाही म्हणे.

"बाबा, त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही," मुलगी म्हणाली. "जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सरावाला लागला.

लोखंडातला केसाइतका फरक बोटानं ओळखणारा हा माणूस, पण स्वतःच्या पोटाचा अंदाज त्याला येईना. मंगळवारी त्यानं निम्माच डबा खाल्ला, तरी ढेकर आला. बुधवारी घास बत्तीस वेळा चावला, तरी आला. गुरुवारी तोंड गच्च मिटलं, तर तो नाकातून निघाला आणि डोळ्यांत पाणी आलं. वेल्डर पोट धरून हसले. त्यांना काय सांगणार? पोरीचं लग्न माझ्या ढेकरावर अडलंय, असं सांगायला तोंड तरी हवं.

रविवारी नर्सबाई ताठ बसून जेवल्या. ना चमच्याचा आवाज, ना चेहऱ्यावर काही. त्यानं ताट संपवलं आणि छातीखालून ओळखीची कळ वर सरकली. त्यानं ती गिळली. ती पुन्हा आली. त्यानं पुन्हा गिळली. टेबलाची कड धरून तो मुलीकडे बघत राहिला.

बायको दारात भाताचं भांडं घेऊन थबकली. ताट रिकामं आणि आवाज नाही, म्हणजे मीठ तर विसरलं नाही ना, असं तिला वाटलं. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. कपाळावर घामाचे थेंब होते.

"अहो, काय होतंय?"

तो बोलेना. बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि जीव गेला तरी ते उघडायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मुलगी पांढरीफटक पडली, तिनं ॲम्ब्युलन्ससाठी फोन उचलला.

नर्सबाई उठल्या. त्यांनी नाडी पाहिली, मिटलेले ओठ पाहिले, कुठं दुखतंय ते खुणेनं विचारलं. त्यानं छातीखाली बोट ठेवलं. बाईंनी त्याला पुढं झुकवलं आणि तळहात खोलगट करून पाठीवर तीन थापट्या दिल्या.

आठवडाभर अडवू पाहिलेला ढेकर एकदम बाहेर आला. पाण्याचे पेले हलले असं बायको पुढं सांगत असे, पण तिचं सगळंच खरं धरू नये.

मुलीनं तोंड ओंजळीत झाकलं होतं. संपलं सगळं, त्याच्या मनात आलं, आपल्या हातानं पोरीचं वाटोळं केलं.

बाईंचा हात मात्र पाठीवरच होता. पाठ चोळत त्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणतात, दाबून ठेवू नये," मुलगी चाचरत सांगू लागली. "बाळाला ढेकर आला की त्यांच्याकडेही सगळ्यांना बरं वाटतं."

बाई आणखी एक वाक्य बोलल्या. मुलीनं ते पुन्हा विचारून घेतलं. मुलगा ताटात बघून हसू दाबत होता.

"काय म्हणाल्या?" बायकोला राहवेना.

"म्हणतात," मुलगी आईकडे बघून म्हणाली, "लग्नाच्या जेवणाला बाबांना त्यांच्या शेजारी बसवा. पाठ हाताशी असलेली बरी."

सकाळपासून त्या घरात लग्न हा शब्द कोणी काढला नव्हता. बायकोनं भांडं उचललं आणि न विचारताच विहीणबाईंना भात वाढला.