कारखान्यातली संथा

माझ्या आधी आमच्या घरातून कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. अप्पा इकडे उत्तरेत, गंगेकाठी रामघाटावर मुलांना वेद शिकवत, आणि मी निघाले इंजिनिअर व्हायला. याचा मला अभिमान आहे, लपवायचं काय त्यात?

गंगेपलीकडच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात नवी असेंब्ली लाइन आली आणि ती माझ्याकडे सोपवली गेली. प्रत्येक नट किती आवळला ते स्क्रीनवर दिसायचं. सगळे दिवे हिरवे, तरी चाचणीत पंप गळायचे. प्लँट हेडनी तोंडावर सांगितलं, ग्राहकाची माणसं बघायला येतील त्या दिवशी गळती निघाली तर लाइन दुसऱ्याकडे जाईल आणि मी परत ड्रॉइंगच्या टेबलावर.

मी शिफ्ट बदलताना लाइनवर उभी राहायला लागले. जाणारा म्हणायचा, सब ठीक है. येणारा मान डोलवायचा. सील वाकडं बसतंय, पकड सैल झालीय, हे जाणाऱ्याच्या हाताला कळलेलं असायचं, पण ते त्याच्याबरोबरच घरी जायचं. स्क्रीनला त्याचा पत्ता नाही.

तेव्हा अप्पांची संथा आठवली. गुरुजी एकदा म्हणणार, शिष्यानं तेच दोनदा म्हणायचं, चुकलं की पुन्हा. मी मुलगी, मला कधी संथेला बसवलं नाही. दाराआडून ऐकलं तेवढंच.

संथेची गोष्ट लाइनवर सांगून मी नियम केला. जाणाऱ्यानं आपल्या जागेची अडचण बोलायची, येणाऱ्यानं ती दोनदा म्हणायची, मगच मशीनला हात. आमचे सगळ्यात जुने फिटर खांद्यावरून जानव्यासारखं बोट ओढत हसले.

"मैडम, अब जनेऊ भी पहनाइएगा का?"

"पहले दो बार बोलिए, फिर सोचेंगे."

चारचौघांत ते कुरकुरत दोनदा बोलले. हळूहळू सगळेच बोलायला लागले, गळतीही कमी होत गेली. घरी सांगितलं तर अप्पा एवढंच म्हणाले, "नुसती मान डोलवली तर सोडू नकोस. तोंडून आलं पाहिजे."

ग्राहकाची माणसं आली त्या सकाळी मी घाईत होते. रात्रपाळी संपवून निघालेल्या त्याच फिटरनी मला अडवलं. तिसऱ्या जागेवर सील एका बाजूला चढतंय, म्हणाले. मी "हां हां, देखते हैं" म्हणत पुढे निघाले, तर ते वाटेतून हलेनात.

"नहीं मैडम. आप भी दो बार."

पाहुण्यांसमोर, प्लँट हेडसमोर मी ते दोनदा म्हटलं. म्हटल्यावर लाइन चालू ठेवणं शक्यच नव्हतं. मी ती थांबवली. प्लँट हेडचा चेहरा उतरला. आम्ही सील दाबणारा साचा बदलला आणि मगच बटण दाबलं.

त्या दिवशी एकही पंप गळला नाही. लाइन माझ्याकडेच आहे. आता शेजारची लाइनही हेच करते. प्लँट हेडना त्याला एखादं इंग्रजी नाव हवं होतं. मी म्हटलं, नाव आहे त्याला. संथा. आणि त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.