रेडीमेडचा मालक

चाळीस वर्षं मास्तरांनी रेडीमेडच्या नावानं बोटं मोडली आणि एकसष्टाव्या वर्षी रेडीमेडच्याच दुकानाचे मालक होऊन बसले. दुकानाचे म्हणजे गाळ्याचे. आतले कपडे कंपनीचे, भिंती मास्तरांच्या. हा फरक ते भेटेल त्याला समजावून सांगत, आणि समोरचा सगळं ऐकून घेऊन "म्हणजे शेवटी पोट रेडीमेडवरच ना?" असं विचारून मोकळा होई.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दोन मशिनींचं दुकान होतं. पँट शिवावी तर मास्तरांनीच, असं सगळं गाव म्हणायचं, आणि म्हणता म्हणता मुख्य चौकात जाऊन तयार पँटी घेऊन यायचं. चौकातलं ते दुकान एका मोठ्या कंपनीचं. शंभरेक गावांत त्यांची तशीच दुकानं, तीच पाटी, तेच दिवे, काचेत तेच मुंडकं नसलेले पुतळे. मास्तर त्या काचेवरून जाताना मुद्दाम मान फिरवत. "पोत्याला दोन भोकं पाडली की झाली यांची पँट," असं म्हणत. पण नुसतं म्हणून काय होतंय? गिऱ्हाईक तुटत गेलं, सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागायला लागले, आणि एक दिवस मास्तरांनी दोन्ही मशिनी आणि गल्लीतलं दुकान विकून टाकलं.

असा मोकळा पैसा कुणाकडे आला की त्याचा वास पहिल्यांदा दलालाला लागतो. तो दुसऱ्याच दिवशी चहाच्या वेळेवर हजर.

"मास्तर, चौकातला कपड्याचा गाळा विकायला निघालाय. भाडेकरू कोण? कंपनी! ती आजारी पडत नाही, तिच्याकडे पाहुणे येत नाहीत, भाडं मागायला तिचा जिना चढावा लागत नाही. तुम्ही झोपा, भाडं आपल्या पायांनी चालत येईल."

"ज्यांनी माझं दुकान बुडवलं त्यांना मी छप्पर देऊ?" मास्तर उसळले.

"छप्पर देऊ नका, भाडं घ्या," आतून बायको म्हणाली.

बायकोनं तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केलेली. बोलणं मोजकं, ऐकणं मात्र पूर्ण. गाळ्याला निम्मे पैसे तिच्या निवृत्तीचे घातले. सह्या करताना ती एवढंच म्हणाली, "अहो, माझं सगळं यात आहे हं." दलाल हसला, मास्तर हसले, ती काही हसली नाही.

मालक झाल्यावर मास्तर झोपतात कसले! रोज सकाळी दुकान उघडलं की हजर. दुकान सांभाळणारी मॅनेजर तिशीतली मुलगी होती, हसरी आणि कामाला वाघ. तिनं कपडे घालून बघायच्या खोल्यांपाशी त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं. मास्तर तिथे बसून पँटी उलट्या करत, टिपा बघत आणि नाक मुरडत. "पोरी, ही शिलाई आहे की माफी मागणं आहे?" असं विचारत. ती म्हणे, "काका, हळू बोला ना, गिऱ्हाईक आहे." मग काका हळू बोलत, म्हणजे निम्म्या चौकाला ऐकू जाईल इतपतच.

अशी अडीच वर्षं मजेत गेली आणि कंपनीचं पत्र आलं. गाळा घेताना झालेला करार नऊ वर्षांचा खरा, पण तीन वर्षांनी कंपनीला वाटलं तर ती उठून जाऊ शकते, हे सतराव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आणि सतराव्या पानापर्यंत दलालही कधी पोचला नव्हता. पत्रात लिहिलं होतं की दुकान ठेवायचं की हलवायचं, हे महिन्याभरात ठरेल. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारचा गाळा बघा ना! मोबाइलवाली कंपनी गेली, त्याला चौदा महिने झाले. काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, मालक रोज येऊन कुलूप हलवून बघतो आणि घरी जातो.

मास्तर तडक मॅनेजरकडे गेले. "हे लोक ठरवतात तरी कशावरून?"

"काका, दाराच्या वर तो साबणाच्या वडीएवढा काळा डबा दिसतोय? आत येणारं प्रत्येक डोकं तो मोजतो. मुख्य कचेरीत रोज आकडा जातो. पण काका, नुसती डोकी..."

तेवढ्यात तिला गल्ल्यावरून कुणीतरी हाक मारली. तिनं "आलेच हं" म्हटलं, पण मास्तरांना थांबायला वेळ कुठे होता? डोकीच हवीत ना? मग डोक्यांना काय तोटा! हा माणूस ऐकतो निम्मं आणि करतो दुप्पट. आयुष्यात कधी कुणाचं बोलणं पुरतं ऐकलं असेल तर शपथ.

त्याच दिवशी ते चौदा वेळा आत गेले आणि चौदा वेळा बाहेर आले. डब्याला चेहरा ओळखता येत नाही, हे त्यांना कळत होतं. तरी दर तिसऱ्या फेरीला ते टोपी बदलत. माणसाला थोडी लाज असतेच की! दुसऱ्या दिवशी मेहुण्याला जुंपलं. मेहुणा बिचारा गुडघ्यांनी अधू, तरी नऊ फेऱ्या मारून गेला आणि संध्याकाळभर पाय शेकत बसला. चौथ्या दिवशी मास्तर बागेत गेले. तिथे निवृत्त मंडळींचा आठ जणांचा जथा रोज सकाळी गोल गोल फिरत असे.

"बागेत काय ठेवलंय? ऊन आणि कुत्री," मास्तर म्हणाले. "तीच चक्कर माझ्याकडे मारा. वर गार हवा फुकट."

मंडळी राजी झाली. रोज अकरा वाजता आठजण ओळीनं आत शिरत, शर्टांना वळसा घालत, मोज्यांवरून बाहेर पडत आणि पुन्हा दारातून आत. असे चार वेढे. त्यातले पोस्टमास्तर तर इतके रुळले की वळणावर मागच्यांना हात दाखवायला लागले. वस्तू मात्र कुणी एक घेतली असेल तर हराम.

मॅनेजर काय बोलणार? मालकच ते. एकदा तिनं धीर करून विचारलं, "काका, तुमची मंडळी काही घेणार आहेत का हो?"

"घेतील, घेतील. आधी पाय तर लागू देत!"

आणि महिना संपता संपता कंपनीचे साहेब आले. मास्तर तेव्हा आतल्या खोलीत पडदा ओढून एका पँटीची टीप उसवते का ते बघत होते. साहेबांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"मॅडम, महिन्यात येणारी माणसं तिप्पट झाली आणि विक्री जवळजवळ होती तिथेच. अशी तऱ्हा मी कुठे पाहिली नाही. इतकी माणसं आत येतात आणि हात हलवत परत जातात? म्हणजे त्यांना पळवून लावणारं कोणीतरी इथे आहे."

"सर, मी सगळ्यांशी नीट..."

"जागा चांगली आहे, गर्दीही आहे. दुकान ठेवू. पण तुमच्या जागी दुसरा माणूस येईल. मी आजच कळवतोय."

मास्तरांपुढे बघा कसा पेच! गप्प बसले तर गाळा वाचला, भाडं वाचलं, बायकोचे पैसे वाचले. तोंड उघडलं तर गर्दी खोटी ठरणार आणि कंपनी सामान बांधणार. पडद्याच्या फटीतून त्यांना मुलगी दिसली. ती रडत नव्हती. शर्टांच्या घड्या सारख्या करत होती, झालेल्याच घड्या पुन्हा पुन्हा. मास्तरांना स्वतःचा असा राग आला की हातातली पँट त्यांनी पिळूनच काढली.

"साहेब, या पोरीला काही बोलू नका. लबाडी माझी आहे!" पडदा सारून ते बाहेर आले. "इथला जुना शिंपी, या गाळ्याचा मालक मी. गर्दीही मीच."

साहेबांनी त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "आजोबा, मुलीला वाचवायला बघताय, ते कळलं मला. पण इतकी माणसं एकटा माणूस कशी होईल?"

घड्याळात अकरा वाजले आणि दार उघडलं. आठजण ओळीनं आत आले. शर्टांना वळसा पडला, पोस्टमास्तरांनी वळणावर हात दाखवला, आणि शेवटचे गृहस्थ साहेबांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "नवीन का? चला, मध्ये थांबायचं नसतं. अजून तीन वेढे आहेत."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. डोळे पुसत त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला. खोटी डोकी वजा केली, बराच वेळ खटखट केली आणि हसू थांबलं.

"आलेली खरी माणसं थोडीच आहेत," ते म्हणाले. "पण त्यांतली निम्मी काही ना काही घेऊन गेलीत. एवढं प्रमाण आमच्या कुठल्याच दुकानात नाही. मॅडम, माझी चूक झाली. आणि हे काय? अकरा पँटी, कंबर बेचाळीस, उंची सगळ्यात आखूड? हे माप आमच्याकडे वर्षानुवर्षं पडून असतं, कुणी बघतसुद्धा नाही. इथे एका महिन्यात अकरा?"

मास्तरांच्या हातातली पँट गळून पडली. गावातल्या झाडून सगळ्या कमरा त्यांना पाठ होत्या. बेचाळीस कमरेला एवढी आखूड उंची गावात एकाच माणसाची होती, आणि तो या क्षणी साहेबांसमोरच उभा होता. स्वतःची कंबर ते चाळीस सांगत, हा भाग वेगळा. त्यांनी मॅनेजरकडे बघितलं. ती एकाएकी छताचे दिवे मोजायला लागली होती.

"मास्तर, तुम्ही इथले जुने शिंपी," साहेब म्हणाले. "असे बांधे आहेत या गावात?"

एका दिवसात किती कबुल्या द्यायच्या माणसानं? मास्तर म्हणाले, "आहेत की. एक तर चांगल्या ओळखीतला आहे."

"मग हे गिऱ्हाईक दुसरीकडे कुठे जाणार? राहू आम्ही. पण मॅडम इथेच राहतील, आणि तुम्ही दाराच्या आत पाऊल टाकायचं नाही. कबूल?"

"कानाला खडा!" म्हणून मास्तर जे सुटले ते थेट घरी.

बायको चष्मा लावून शब्दकोडं सोडवत होती. मास्तर सरळ कपाटाशी गेले. ती काही लपवायची ते चादरींमागेच. त्यांनी चादरींचा गठ्ठा बाजूला केला. मागे अकरा पँटी, घड्या न मोडलेल्या, प्रत्येकीला पावती टाचलेली.

"हे काय आहे?"

"सापडल्या वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही तिचं निम्मं ऐकून पळालात. मी नंतर जाऊन त्या स्टुलावर बसून पुरतं ऐकून आले. ते नुसती डोकी बघत नाहीत, पावत्या बघतात."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगून? तुम्ही बागेतल्या आठजणांना पँटी चढवून आणलं असतंत." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "साहेब येऊन गेले ना? उद्यापासून एकेक परत करून येते. तीस दिवसांत पैसे परत देतात, पावतीच्या मागे लिहिलंय."

"खबरदार!" मास्तर ओरडलेच. "एक जरी परत गेली तरी तिकडे कळेल. याच अकरा पँटींवर कंपनी थांबलीये!" आणि मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मुलीची नोकरी कशी जात होती, आपण पडद्यामागून कसे आलो, गाळा जाणार हे माहीत असून कसे बोललो. हे शेवटचं सांगताना त्यांना तिच्याकडे बघवेना. "तुझं सगळं त्यात होतं, आणि मी एका क्षणात ते उधळायला निघालो होतो."

ती उठली, गठ्ठ्यातली वरची पँट काढली आणि त्यांच्या हातात दिली. "न बोलता घरी आला असतात तर मी तुम्हाला दारात उभं केलं नसतं. घाला. परत करायची नाही, तर कुणीतरी घालायलाच हवी."

मास्तरांनी पँट चढवली. गेली दहा वर्षं ते स्वतः शिवलेली चाळिसाचीच पँट घालत आणि वरचा हूक उघडा ठेवून त्यावर शर्ट सोडत. हा हूक अलगद लागला. ते पलंगावर बसले, तर बसूनही श्वास नीट येत होता. मोहरी बरोबर टाचेवर पडली होती.

"माप कुणी दिलं तुला?"

"पस्तीस वर्षं तुमच्या पँटी वाळत घालतेय. माप काय विचारायचंय त्यात?"

गावभराची मापं मास्तरांनी घेतली होती. आपलंही कुणी घेऊन ठेवलं असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. त्यांनी मांडीवरची टीप नखानं खरवडून बघितली.

"शिलाई कच्ची आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"बसते की नाही, ते सांगा."

"बसते गं. छान बसते."

"मग रडताय कशाला? अजून दहा आहेत."